१ बीएचके, बाथरूममध्ये गॅस गीझर, भिंतीला ओल : एअर प्युरिफायर घेऊन फरक पडेल का?

पागोळी
ठाण्यात रस्त्याला लागून दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा १ बीएचके आहे. घरात आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. तिला सकाळी उठल्याबरोबर शिंका आणि रात्री कोरडा खोकला. डॉक्टरांनी औषध दिलंय, शिवाय "घरातली हवा बघा" असं सांगितलंय. माहिती अशी :

स्वयंपाकघर ८ × ७ फूट, ओट्यावर चिमणी आहे, तरी फोडणीचा खाट बेडरूमपर्यंत येतो. बाथरूम ५ × ७, त्यातच ६ लिटरचा गॅस गीझर, वर एक छोटी जाळीची खिडकी. बेडरूम १० × १२, स्प्लिट एसी, रात्री सगळं बंद. कपाटामागे काळे ठिपके आलेत. पावसाळ्यात कपडे घरातच वाळतात. संध्याकाळी उदबत्ती, रात्री डासांची कॉइल.

१५ हजारांपर्यंतचा प्युरिफायर घ्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा? घरात झाडं ठेवून भागेल का?

पाना-पक्कड
प्युरिफायर नंतर. आधी तो बाथरूममधला गीझर. बाकीच्या गोष्टींनी खोकला होतो, याने माणूस जातो.

हिशोब बघा. ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण ९०० ते १००० ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. तुमचं बाथरूम ९ फूट उंच धरलं तर त्यात सगळी मिळून ९ घनमीटर हवा. म्हणजे पंधरा मिनिटांत एक तृतीयांश हवा गीझरने वापरली, आणि आत माणूसही श्वास घेतोय. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के जरी उतरला तरी ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास मुद्दाम घातलेला असतो तो ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नका. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं ही सुरुवात. आणि गरम पाण्याने चक्कर आली असेल म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. कडी आतून लावलेली असते, त्यामुळे बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर होतो.

खरा उपाय एकच : गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. ड्राय बाल्कनी चालेल, पण तिला काचा सरकवून बंद केलेलं असेल तर ती दुसरी बाथरूमच झाली. तिथून गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची ओढायची. साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला मऊ पडतो आणि सांध्यात गळतो.

गीझर हलवेपर्यंत आजपासून हे करा : दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं दार उघडंच ठेवायचं, मग आंघोळ. गीझर चालू असताना आत कोणीही थांबायचं नाही. शॉवर बंद.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असा सल्ला कोणीतरी देईलच. फॅन आतली हवा बाहेर फेकतो, पण दाराखाली फट नसेल तर नवी हवा येणार कुठून? आणि गीझरला धुराडं असेल तर तोच फॅन धुराड्यातला धूर उलटा आत ओढतो.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग : बर्नर, नोझल आणि तांब्याच्या पात्यांच्या फटी साफ करून घ्या. गीझरच्या डोक्यावर काजळी दिसली किंवा त्याच्या पुढच्या छोट्या खिडकीतून दिसणारी ज्योत पिवळी असली तर त्या दिवसापासून तो वापरायचा नाही.

फोडणीचा_हिशोब
गीझरबद्दल +१. आता चिमणी.

खाट बेडरूमपर्यंत येतोय म्हणजे चिमणी ओढते आहे पण फेकत नाहीये. जाळीला पेपर नॅपकिन चिकटतो म्हणून चिमणी चांगली, ही दुकानातली परीक्षा. ती फक्त जाळीपाशी ओढ आहे एवढंच सांगते. पाइपचं दुसरं टोक बघा. इमारतीबाहेर जिथे पाइप निघतो तिथे हाताला (किंवा काठीला बांधलेल्या चिंधीला) जोराचा झोत लागला पाहिजे.

लागत नसेल तर बहुतेक वेळा पुढचं सापडतं. चिमणीच्या तोंडाशी ६ इंची कॉलर असते आणि भिंतीतलं भोक ४ इंची, म्हणून बसवणारा तिथे रिड्यूसर घालून मोकळा होतो. ६ चं ४ केलं की वाट निम्म्याहूनही कमी उरते, ४४ टक्के. आवाज वाढतो, धूर नाही जात. दुसरं, तो ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप ताणून न लावता आकसलेला तसाच कोंबलेला असतो. आतल्या प्रत्येक घडीत तेल साचतं. काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत, आणि एकूण लांबी आठ-दहा फुटांच्या आत. तिसरं, बाहेरच्या टोपीचा झडपा. तेलाने चिकटून बंदच राहतो. वर्षातून दोनदा बोटाने हलवून बघायचा. आणि चौथं, पाइप जर ड्राय बाल्कनीत सोडला असेल तर तो धूर खिडकीतून परत घरात, वाटेत वाळत घातलेल्या कपड्यांना भेटून.

डक्टच नसलेली चिमणी असेल (कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारी), तर ती तेल आणि थोडा वास पकडते. ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा परत येतो. मग खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवणं जास्त कामाचं. तुमचं स्वयंपाकघर ८ × ७ × ९ म्हणजे साधारण १४ घनमीटर. तासाला २० वेळा हवा बदलायची म्हटली तर २८० घनमीटर. पेटीवर "तासाला १२००" लिहिलेलं असतं तो आकडा पाइप न जोडता मोजलेला, तरी तुमच्या खोलीला मंद वेगसुद्धा पुरायला हवा. फक्त तेवढीच हवा आत यायला वाट पाहिजे. दिवाणखान्याची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. शेगडीच्या शेजारचीच खिडकी उघडू नका, वाऱ्याने धूर चिमणीखालून आडवा निसटतो.

वापरायची पद्धत : शेगडी पेटवायच्या दोन मिनिटं आधी सुरू, स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू. मिरची भाजणं, मासे तळणं, पापड भाजणं हे मागच्या बर्नरवर. पुढच्या बर्नरचा अर्धा धूर चिमणीच्या कडेबाहेरून जातो. चिमणी आणि शेगडी यांत २६ ते ३० इंच अंतर. तेलातून धूर निघेपर्यंत तापवून मग मोहरी टाकायची सवय असेल तर ती सोडा, मोहरी त्याच्या बरीच आधी तडतडते.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी. स्टीलचा बॅफल (पट्ट्यांचा फिल्टर) असेल तर उकळत्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा अजिबात नको, काळी पडते आणि झिजते. तिला भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी.

शेगडीची ज्योत निळी आहे ना? भांड्यांचे बूड काळे होत असतील तर बर्नरची भोकं टाचणीने मोकळी करा, आणि खालच्या नळीत जाळं किंवा झुरळ अडकलंय का बघा. सिलिंडरवरून पाइप गॅसवर गेलेल्या घरांत आणखी एक घोळ असतो : दोन्हींचे जेट (गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) वेगळे. पाइप गॅसच्या जेटचं भोक मोठं. तीच शेगडी पुढे सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी. भाड्याच्या घरात शेगडी बदलत राहते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पागोळी
झडपा खरंच चिकटलेला निघाला! गीझरला धुराडं नाही, आणि घरमालक बाहेर हलवू देणार नाहीत असं वाटतंय. त्यावर काही? कॉइल आणि ओलीचंही सांगा. सासूबाईंना उदबत्ती बंद करायला सांगणं मला जमणार नाही. :)

शेवाळं
उदबत्ती बंद करायला कशाला सांगता? एकच लावा, देवघर खिडकीजवळ घ्या, आरती झाली की टोक पाण्यात बुडवून विझवा. पूर्ण काडी जळून राख होण्यात काही पुण्य जास्त नाही. धूप आणि लोभान मात्र बंद खोलीत नको, त्यांचा धूर उदबत्तीच्या कैकपट. संध्याकाळी डासांसाठी कडुनिंबाचा पाला किंवा गोवरी पेटवतात तेही तसंच. "नैसर्गिक" असला तरी धूर तो धूरच, फुप्फुसाला झाडाचं नाव कळत नाही.

कॉइल आजच बंद. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळून जितके सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले. आणि ती रात्रभर पलंगाखाली, खिडक्या बंद करून. मच्छरदाणी लावा. खिडक्यांना जाळी बसवायची तर धुऊन परत लावता येणारी, वेलक्रोची किंवा सरकती. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही आणि मग लोक म्हणतात खिडकी उघडून उपयोग नाही.

घरात बाळंतीण असेल तर आणखी एक : शेक-शेगडी. ओवा, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देतात, दार लावून. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, वर सांगितलाय तोच. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी.

आता ओल. आधी ती भिंतीतून येते की खोलीतून, हे ठरवा. फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा काळ्या ठिपक्यांच्या जवळ चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर भिंत पाणी पितेय : बाहेरच्या गिलाव्याला तडा, खिडकीच्या वरची गळती किंवा मागच्या बाथरूमची पाइपलाइन. ते घरमालकाचं आणि सोसायटीचं काम, आतून कितीही पुट्टी मारा, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघणार. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर तुमच्याच घरातली वाफ आहे.

वाफ येते कुठून? मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांत साधारण दोन लिटर पाणी असतं, ते सगळं हवेत. वर आंघोळ, भात, चहा. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणा. ६० टक्क्यांच्या आत ठेवायची आहे. आणि इथेच कोकणपट्टीची अडचण : जुलैत बाहेरच ९० टक्के, खिडकी उघडून खोली वाळत नाही. कपडे एकाच खोलीत घाला, तिचं दार लावा, पंखा सुरू, आणि एसी तिथे असेल तर "ड्राय" मोडवर दोन-तीन तास. डीह्युमिडिफायर असेल तर उत्तम, पण तो रोज दीड-दोन बादल्या पाणी काढेल असं वाटत असेल तर जाहिरातीतला आकडा ३० अंश आणि ८० टक्क्यांचा असतो. एसीने गार केलेल्या खोलीत निम्मंही निघत नाही.

बुरशी काढताना कोरडा ब्रश मारू नका, बिया (बीजाणू) खोलीभर उडतात. एन-९५ मास्क, मुलीला दुसऱ्या खोलीत, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं, मग पंख्याने खडखडीत वाळवायचं. ब्लीच टाइलवर ठीक, गिलाव्यात आत उतरत नाही. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड कधीही एकत्र नाही, क्लोरीन वायू होतो. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे.

कपाट हलवताच आहात तर डांबराच्या गोळ्या काढून टाका. त्या नॅप्थलिनच्या असतात, हवेतच उडून जातात, म्हणजे तुमच्या श्वासात. जी६पीडी या एन्झाइमची (रक्तपेशींना जपणारं) जन्मतः कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांत त्यांच्या वाफेने रक्तपेशी फुटतात, म्हणून बाळाच्या दुपट्यांत तर मुळीच नको.

कण_कण
आता प्युरिफायर. घ्यायचाच तर फक्त बेडरूमसाठी घ्या, तिथे मुलगी सलग आठ-नऊ तास असते.

१० × १२ खोली, साडेनऊ फूट उंची : ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा गाळायची म्हटली तर १६० घनमीटर. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा (यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो) असतो तो बघायचा, "४०० चौरस फुटांसाठी" वगैरे नाही. पण तो आकडा सर्वांत जोराच्या वेगाचा, आणि त्या वेगाला कोणी झोपत नाही. रात्रीच्या मंद वेगाला तो निम्म्याच्या खाली येतो. म्हणून ३०० ते ३५० चा घ्या. तुमच्या पैशांत बसेल, पण आधी बदली फिल्टरची किंमत विचारा. तो वर्षाला एक तरी लागेल, रस्त्यालगतच्या घरात सहा-आठ महिन्यांतच. बाहेरची जाळी दर दोन आठवड्यांनी व्हॅक्यूमने साफ. "आयन"चं बटण असेल तर बंद ठेवा, काही यंत्रांत त्यातून ओझोन निघतो.

भिंतीला चिकटवू नका, फूटभर पुढे. "ऑटो"वर भरवसा नको, त्याचा सेन्सर यंत्राच्या तोंडाशीच असतो आणि तिथली हवा आधीच गाळलेली. मध्यम वेगावर झोपायच्या अर्धा तास आधी, मग मंद.

तो काय करत नाही तेही लक्षात ठेवा : कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, ओल. स्प्लिट एसीसुद्धा बाहेरची हवा आत घेत नाही, तीच फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०). तिघं झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत तो दीड-दोन हजारांच्या वर सहज जातो. सकाळी डोकं जड असण्याचं ते एक कारण. बेडरूमचं दार दोन बोटं उघडं आणि दिवाणखान्याची एक खिडकी किलकिली एवढ्यानेही उतरतो.

खिडक्या कधी उघडायच्या? हिवाळ्यात पहाटे आणि रात्री थंड हवेचं झाकण बसतं, रस्त्याचा धूर जमिनीलगत साचतो. सकाळची हवा ताजी हे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठाण्यात खरं नाही. दुपारी बारा ते चार, समुद्राकडचा वारा सुटला की उघडा.

पीएम २.५ चं, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण मोजायचं, मीटर घ्याल तर एक सांगतो. आपल्याकडचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं १५. पण स्वस्त मीटर प्रकाश विखुरण्यावर चालतात, त्यांना वाफेचा थेंब आणि धुळीचा कण सारखाच. कुकरची शिटी झाली की आकडा उडतो, पावसाळ्यात दिवसभर चढाच. नेमक्या आकड्यापेक्षा फरक बघा : चिमणी लावून फोडणी आणि न लावता फोडणी, दोन दिवस, तीच भाजी.

झाडं : १९८९ चा नासाचा जो अहवाल सगळे सांगतात तो छोट्या बंद पेट्यांमधला होता. घरात हवा सतत बदलते, तिथे तेवढा परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला दहा तरी, कदाचित शेकडो झाडं लागतील. आवडतात म्हणून ठेवा. पण ओलीच्या खोलीत कुंडीची ओली माती नको.

आणि केर. कोरड्या केरसुणीने बारीक धूळ उडते आणि कितीतरी वेळ हवेत तरंगते. मुलगी शाळेत गेल्यावर काढा, किंवा आधी ओलं फडकं. तिची उशी, पांघरूण आठवड्याला ५५-६० अंश गरम पाण्यात. सकाळच्या शिंका धुळीतल्या किड्यांमुळे असतील तर अर्धं काम इथेच होतं, आणि यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

परसदार
थोडं अवांतर. कोणाच्या गावच्या घरी बंब असेल तर तो पडवीत किंवा परसात. पाणी तापल्यावर निखारे धुमसत असलेला बंब उबेसाठी न्हाणीघरात ओढून घेतात, तेव्हा धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं. धुमसता निखाराच जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतो.

पाना-पक्कड
पागोळीताई, धुराडं नाही म्हणजे सगळा जळका वायू बाथरूममध्येच. तेव्हा भाड्याचं घर असलं तरी तडजोड नको. घरमालकाला दोन पर्याय द्या : गीझर बाहेर, किंवा तो काढून १५ लिटरचा विजेचा. विजेच्याला २ किलोवॉट लागतात, १६ अँपिअरचं सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच). १५ हजारांत प्युरिफायरऐवजी हे आधी बसवा. घर सोडताना गीझर सोबत नेता येतो.

तोवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. त्यावर "ईएन ५०२९१" लिहिलेलं हवं. या मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ५० ला तास-दीड तासात. बाथरूमच्या आत लावू नका, वाफेने सेन्सर बिघडतो. दाराबाहेर, डोक्याच्या उंचीला. मागे बदलायची तारीख छापलेली असते, ती उलटून गेली की टेस्टचं बटण दाबल्यावर आवाज आला तरी सेन्सर चालतोच असं नाही. ते बटण फक्त भोंगा आणि बॅटरी तपासतं.

दुकानदार "गॅस अलार्म" म्हणून जे देईल ते बहुधा एलपीजी गळतीचं असेल. ते वेगळं यंत्र, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. डब्यावर "सीओ" (कार्बन मोनॉक्साइड) लिहिलंय का, तेवढं वाचून पैसे द्या.